१९ मार्चची नेवरी आणि १ मेचा डबा

४ मे २०२३ ला सकाळी पुण्याहून फोन आला. माझी बालमैत्रीण, आमच्या गावच्या ख्रिश्चन गल्लीतली, लग्न होऊन तिकडे गेलेली. फेस्ताहून, म्हणजे गावच्या संताच्या सणाहून, नेलेला नेवऱ्यांचा (आमच्या करंज्यांचा) डबा तिने शेजारणीला द्यायला उघडला, तर आतून आंबूस वास. "तुझा धंदाच फराळाचा, तूच सांग हे काय झालंय," म्हणाली. दुपारपर्यंत मुंबईहून एक आणि वास्कोहून एक असे आणखी दोन फोन झाले. संध्याकाळी माझ्या आईला गल्लीतून निरोप आला, की तुझ्या लेकीला जरा विचार.

गाव खानापूर तालुक्यात, गोव्याकडच्या जंगलाच्या अलीकडे. नाव मुद्दाम देत नाही. वाद अजून पुरता मिटलेला नाही आणि ते माझं माहेर आहे. आमच्या घराची मागची भिंत आणि ख्रिश्चन गल्लीतल्या पहिल्या घराची भिंत एकच. त्या घरातल्या म्हाताऱ्या मावशींना सगळी गल्ली थोरली बाय म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. फेस्ताच्या तळणीसाठी लागणारी मोठी कढई आमची. आजोबांनी घेतलेली, दोन माणसांनी उचलायची. वर्षातून दोनदा ती भिंतीपलीकडे जाते, सां जुझेच्या (सेंट जोसेफच्या) फेस्ताला आणि नाताळाला.

गल्लीत पंचवीसेक घरं. घरात कोंकणी, रस्त्यावर मराठी, सरकारी कागदावर कन्नड. एकाच पदार्थाला तिथे नेवरी म्हणतात, आमच्याकडे करंजी, आणि पलीकडच्या गल्लीत कर्जिकाई. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ मध्ये स्वतंत्र झाला. त्याआधी इकडचा बराच मुलूख गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता, त्यामुळे फेस्त, वेस्पर, लादीन, प्रेजिदेंत हे शब्द तसेच राहिले. वेस्पर म्हणजे फेस्ताची आदली संध्याकाळ. लादीन म्हणजे क्रुसापुढे म्हणायची प्रार्थनामाला. त्या वर्षीचा खर्च जो उचलतो तो प्रेजिदेंत.

गावचा संत सां जुझे, म्हणजे सेंट जोसेफ, येशूचा पालक-पिता, धंद्याने सुतार. त्याचा सण १९ मार्चला. ही तारीख दरवर्षी कोरेज्मात, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात सापडते. राखेच्या बुधवारपासून गल्लीतल्या निम्म्या बायका गोड सोडतात. काही जणी चहातली साखरसुद्धा सोडतात. मधला हा एकच दिवस गोड खायचा. नाताळात नेवरीबरोबर दहा पदार्थ असतात, सां जुझेला ही एकटीच, त्यामुळे तिचा मान मोठा. २०२१ मध्ये १९ मार्च शुक्रवारी आला, तेव्हा मटण चालतं की नाही यावर गल्लीत आठवडाभर खल चालला होता. फादरांनी सांगितलं, एवढा मोठा सण शुक्रवारी आला तर त्या दिवशी मांसाची बंदी लागत नाही, चर्चच्या कायद्यातच तसं आहे. तरी बऱ्याच घरांत शिजलं नाहीच. नेवरीबद्दल मात्र कधी कुणी शंका काढली नव्हती.

तारीख का हलली

२०२३ ला १९ मार्च रविवारी आला. कोरेज्मातल्या रविवारचा मान संताच्या सणापेक्षा वरचा, म्हणून असा योग आला की सां जुझेचा सण सोमवारी, २० तारखेला सरकतो. (२००८ मध्ये याहून मोठी अडचण होती. ईस्टर २३ मार्चला आल्याने १९ तारीख थेट पवित्र आठवड्यात पडली आणि सण मागे, १५ मार्चला घ्यावा लागला होता.) सोमवार कामाचा दिवस, त्यात दहावीच्या परीक्षेची घाई. मुंबई-पुण्याची माणसं एका सोमवारसाठी येणार नाहीत, हे जानेवारीतच दिसत होतं.

तेव्हा त्या वर्षीच्या प्रेजिदेंतने तोड काढली. हा माणूस शिपवर कामाला, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. तो म्हणाला, तारीख तशीही हलणारच आहे, तर १ मेलाच घेऊ. १ मे हा 'कामगार सेंट जोसेफ'चा दिवस, पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेला. तोवर ईस्टर होऊन गेलेला असतो, उपासाचा प्रश्न नाही. शाळांना सुट्टी. शिवाय त्या वर्षी १ मे सोमवार, म्हणजे शनिवारपासून सलग तीन दिवस मोकळे. फादर तयार झाले.

म्हाताऱ्यांची कुरकुर निराळ्याच कारणाने होती. आमच्या भागात १ मे म्हटलं की आधी महाराष्ट्र दिन आठवतो, आणि सीमाभागात त्या दिवशी मराठी माणसं बँड लावून रस्त्यावर उतरली की बघणारे वेगळ्या नजरेने बघतात. त्यात १० मेला कर्नाटक विधानसभेचं मतदान, म्हणजे आचारसंहिता लागलेली. परवानगीचे कागद दोनदा करावे लागले, पण मिरवणूक निर्विघ्न पार पडली. माणसं इतकी आली की मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेला, बाहेर मांडव घालावा लागला.

फेस्त म्हणून बघितलं तर ते साधलंच होतं. बिघडल्या त्या नेवऱ्या.

मूळ रीत

थोरली बाय सांगते ती रीत अशी. पीठ १ किलो मैदा आणि पाव किलो बारीक रव्याचं, त्यात कडकडीत तुपाचं मोहन आणि चवीला मीठ. भिजवायला नारळाचं दूध, पण जेमतेम. पीठ घट्ट हवं. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवायचं आणि मग कुटायचं. सारणाला ते चून म्हणतात. चार-पाच ओले नारळ त्याच संध्याकाळी खवायचे, साखर घालून शिजवायचं. शिजवायचं म्हणजे कोरडं करायचं नाही, चमच्याला चिकटून राहील इतपतच. वर भाजलेले तीळ, वेलची, काजूचे तुकडे. काजू खानापूरच्याच रानातला, फेब्रुवारीपासून तो उतरायला लागतो. एवढ्यात ऐंशीच्या आसपास नेवऱ्या होतात.

कड हाताने मुरडायची. कातण्याने कापायची नाही, हे थोरल्या बायचं ठाम म्हणणं. कारण तिला माहीत आहे, पण ती कारण सांगत नाही, "तसं नसतंय" एवढंच म्हणते. कारण असं की ओल्या सारणाची कढईत वाफ होते आणि ती बाहेर पडायला वाट शोधते. मुरडलेल्या कडेला पिठाचे दोन-तीन पदर एकावर एक बसतात, त्यामुळे ती वाफेला तग धरते. कातण्याने कापलेली कड एका पदराची. ती सुटली की साखर तेलात उतरते, जळते, आणि मग त्याच तेलातल्या पुढच्या सगळ्या घाण्यांना कडवट झाक येते. करंजी फुटली की तेल गेलं, हे आमच्या घरीही माहीत आहे. आम्ही दिवाळीला सुकं खोबरं वापरतो म्हणून कातणं खपून जातं.

आणखी एक नियम होता, जो कुणी नियम म्हणून सांगत नसे. वेस्परच्या लादीनीनंतर तळणी सुरू व्हायची, मध्यरात्रीच्या आत आटपायची. सकाळच्या मिस्सानंतर टोपल्या उघडायच्या. वेळूच्या टोपल्या, आत जुनं धुतलेलं लुगडं अंथरलेलं. दुपारपर्यंत घरोघर ताटं फिरायची, आमच्याकडेही यायचं. संध्याकाळी टोपली रिकामी. म्हणजे नेवरीचं सगळं आयुष्य अठरा-वीस तासांचं. मार्चमधल्या खानापूरच्या रात्री बऱ्यापैकी गार आणि कोरड्या असतात. तेवढ्या वेळात ओलं सारण बिघडायचं काही कारणच नव्हतं.

ही नेवरी टिकते की नाही, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. तेवढी ती उरतच नव्हती.

२०२३ ला काय झालं

मी दुसऱ्या शनिवारी गावी गेले. तोवर चार खटले उभे राहिले होते. पहिला नारळवाल्यावर, की जुने नारळ दिले. दुसरा तेलावर, की भेसळ होती. तिसरा मुंबईहून आलेल्या सुनांवर. आणि चौथा, हळू आवाजातला, की सां जुझेला तारीख बदललेली रुचली नाही. तिसरा खटला सर्वांत जोरात चालू होता आणि ज्यांच्यावर होता त्या मुंबईला परत गेल्या होत्या.

मी ज्यांच्याकडे डबे गेले होते त्यांना एकेक फोन लावला. नेवरी बिघडली म्हणजे नेमकं काय, हा एकच प्रश्न. उत्तरं ऐकल्यावर कळलं, की ही एक तक्रार नाही, तीन आहेत, आणि त्यांची कारणंही वेगवेगळी.

काहींच्या नेवऱ्या आंबल्या होत्या, सारण मोडलं तर किंचित तार येत होती. हे ओल्या खोबऱ्याचं दुखणं. ओल्या नारळाच्या खोबऱ्यात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं. साखर त्यातलं थोडं धरून ठेवते, शिजवल्याने थोडं उडतं, पण थोरल्या बायच्या चुनात उरलेलं पाणी जिवाणूंना भरपूर होतं. मेच्या उकाड्यात त्यांना दोन दिवस पुरले.

काहींच्या नुसत्या मऊ पडल्या होत्या, चव बरी होती. याचं कारण डबा. प्रेजिदेंतने हौसेने घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणले होते, बत्तीस डबे, प्रत्येकात वीस नेवऱ्या. रात्रीची बस गाठायची म्हणून फेस्ताच्या दुपारीही एक तळणी झाली आणि गरम नेवऱ्या थेट डब्यात भरल्या. झाकणाला आतून पाणी सुटलं आणि तेच पाणी परत नेवरीवर पडलं. आदल्या संध्याकाळी वळीव कोसळला होता, त्यामुळे हवेतही ओल होती. काही बायकांनी साखर कमी पडली म्हणून निम्मा गूळ घातला होता. गूळ हवेतलं पाणी ओढतो, त्याने भर पडली.

आणि तीन-चार डब्यांत आंबट नव्हे, कडवट-खवट चव होती. हे तेलाचं. मदतीला हात भरपूर म्हणून या वेळी प्लास्टिकचे साचे आणले होते. साच्यातली कड बारीक, ओलं सारण आत. नेवऱ्या फुटल्या, साखर जळली, तेल काळं झालं. तेल बदलायला हवं होतं, पण पंधरा किलोचा डबा संपत आला होता आणि वेस्परच्या रात्री दुकान कोण उघडणार?

म्हणजे नारळवाला निर्दोष. तेल विकणाराही निर्दोष. सुनांचा दोष एवढाच की त्यांनी साचा वापरला, आणि साचा त्यांच्या हातात दिला तो गल्लीतल्याच एका काकूंनी. हे मी गल्लीच्या बैठकीत बोलले नाही. माहेरी राहायचं होतं.

एक गंमत त्या फोनांतूनच कळली. डब्यांवर स्टिकर होते, सां जुझेचं चित्र आणि खाली प्रेजिदेंतचं नाव. निवडणुकीच्या दहा दिवस आधी एका गाडीच्या डिकीत एकाच माणसाच्या नावाचे नऊ डबे, आत गोडधोड. तपासणी नाक्यावर साहजिकच थांबवलं. फेस्ताचा फोटो, मिस्साचं पत्रक, मोबाइलवरचं आमंत्रण, सगळं दाखवून सुटका व्हायला तासभर लागला. तो तास नेवऱ्यांनी उन्हात तापलेल्या डिकीत काढला. आंबलेल्या नेवऱ्यांची जास्तीत जास्त गाऱ्हाणी याच गाडीच्या डब्यांची होती. तपासणाऱ्यांनी त्यांचं काम केलं. आपण मात्र निवडणुकीच्या तोंडावर नाव छापून डबे वाटतोय, हे गल्लीत एकालाही सुचलं नव्हतं.

नेपल्सचा दाखला

ऑगस्टमध्ये प्रेजिदेंतचा जहाजावरून व्हिडिओ कॉल आला. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. बोलता बोलता म्हणाला, इटलीत नेपल्सला १९ मार्चला त्याने सां जुझेच्या नावाची मिठाई खाल्ली आहे. तिला झेप्पोले म्हणतात, मऊ पिठाचं तळलेलं कडं, वर कस्टर्ड आणि एक आंबटगोड चेरी. सिसिलीत पालेर्मोला त्याच दिवशी स्फिंची करतात, तळलेला गोळा आणि वर गोड केलेलं रिकोटा चीज. रोममध्ये तर सेंट जोसेफला लाडाने 'भजीवाला जोसेफ' अशा अर्थाचं नाव आहे. इजिप्तला पळून गेल्यावर पोट भरायला त्याने तळणीचा धंदा केला, अशी लोककथा सांगतात.

मला त्यातून हवं ते मिळालं. कस्टर्ड, रिकोटा, आमचं चून, सगळी ओली सारणं. सगळे उपासाच्या मधल्या एका दिवसाचे पदार्थ, तळायचे आणि त्याच दिवशी संपवायचे. मी त्याला विचारलं, तिथे कुणी झेप्पोले डब्यात घालून रात्रीच्या बसने दुसऱ्या शहरात नेतं का? तो हसला आणि म्हणाला, "आता कळलं काय ते."

थोडक्यात, पाककृतीत चूक नव्हती. ती ज्या दिवसासाठी आणि जेवढ्या अंतरासाठी बसवलेली होती, ते दोन्ही बदललं होतं. मार्चच्या नेवरीला भिंतीपलीकडे आमच्या घरापर्यंत यायचं असे. मेच्या नेवरीला पुण्याला जायचं होतं आणि आठवडाभर कपाटात राहायचं होतं.

चाचणी आणि चाखणारे

२०२४ लाही १ मेच ठरला. लोकांना ती तारीख आवडली होती, आणि डबाही हवाच होता. मी तीन प्रकार करून बघू म्हटलं. ते करायला मार्चच उजाडला, म्हणजे ऐन कोरेज्म. त्या वर्षी राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला होता. तळणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांनी गोड सोडलेलं. नेवऱ्या तळायच्या त्यांनी आणि चाखायच्या आम्ही, असं ठरलं. ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार आणि होळी त्या वर्षी एकाच दिवशी, २४ मार्चला आली. त्या दुपारी गल्लीतून तीन ताटं आमच्या घरी आली आणि आमच्याकडून पुरणपोळ्या गेल्या, त्या ईस्टरपर्यंत टिकणार नाहीत म्हणून पोरांनीच संपवल्या. माझ्या वडिलांनी तिन्ही ताटांतलं खाऊन "तिन्ही चांगल्या आहेत" असा निकाल दिला. शास्त्रीय दृष्ट्या त्याचा काही उपयोग नव्हता.

पहिला प्रकार जुन्या रीतीचा, हाताने मुरडलेला, पण पूर्ण गार करून स्टीलच्या डब्यात कागद घालून ठेवलेला. दुसऱ्यात ओलाच नारळ, पण मंद आचेवर खरपूस कोरडा होईपर्यंत परतलेला, त्यात भाजलेला रवा. तिसऱ्यात सुकं खोबरं. बेळगावच्या रविवार पेठेतून तिपटूरच्या वाट्या आणल्या, किसून भाजल्या, खसखस, पिठीसाखर, जायफळ घातलं. नीट वाळलेल्या वाटीत पाणी शेकडा सहा-सातच्या आसपास असतं, आंबायला तिथे काही नसतंच. सुक्या खोबऱ्याला भीती दुसरी. त्यात तेल भरपूर, त्यामुळे जुनी वाटी खवट लागते. म्हणून विकत घेताना एक वाटी फोडून तुकडा चावून बघायचा, वास घेऊन भागत नाही.

पहिला प्रकार तिसऱ्या दिवशी गेला. म्हणजे डबा स्टीलचा असो की प्लास्टिकचा, ओलं ते ओलंच. दुसरा पाच दिवस चांगला राहिला, सहाव्या दिवशी वास बदलला. तिसरा पंधरा दिवसांनीही खुसखुशीत होता.

मला वाटलं, झालं काम. पण थोरल्या बायने ईस्टर झाल्यावर तिसऱ्यातली एक नेवरी खाल्ली आणि बाजूला ठेवली. "ही तुमची दिवाळीची करंजी की गं. सां जुझेची नव्हे." आमच्याकडे बायकाही 'मी आलो, मी खातो' म्हणतात, पुण्याच्या लोकांना त्याची गंमत वाटते. थोरली बाय त्याच सुरात म्हणाली, "मी काय ह्यो खातो नाही." आणि विषय संपवला.

ती हट्टी आहे असं गल्लीतल्या तरुणांना वाटलं. मला तिचं पटलं. ओल्या खोबऱ्याचा जो दुधट गोडवा असतो तो सुक्यात येत नाही, कितीही जायफळ घाला. चाळीस दिवसांत एकदा तोंड गोड करायचं असेल तर माणसाला तेच हवं असणार.

म्हणून दोन नेवऱ्या करायचं ठरलं. वेस्परच्या रात्री ओल्या, जुन्या रीतीने, गावात खाण्यासाठी. त्यांना डबा नाही, टोपली आणि लुगडंच. डब्यातल्या सुक्या, आधीच्या शुक्रवार-शनिवारी सावकाश तळलेल्या, रात्रभर उघड्यावर गार करून सकाळी भरलेल्या. दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून खूण कडेवर ठेवली. मुरडलेली ती ओली, कातण्याची ती सुकी. अंधारात बोट फिरवलं तरी कळतं. गूळ दोन्हींतून बंद. साचे त्या काकूंनी स्वतःच उचलून माळ्यावर टाकले, कुणी काही बोलायच्या आत. स्टिकर नाहीत. कारण परत निवडणूक, या वेळी लोकसभेची. खानापूर तालुका उत्तर कन्नड मतदारसंघात, आणि मतदान ७ मेला.

२०२४ ला एकच घोळ झाला. एका सुनेने रात्री उरलेल्या सहा ओल्या नेवऱ्या "वाया कशाला" म्हणून डब्यात सरकवल्या. तो डबा नेमका माझ्या त्याच पुण्याच्या मैत्रिणीकडे गेला. मुरड बघून तिने त्या पहिल्याच दिवशी काढून खाल्ल्या. खूण उपयोगी पडली ती अशी.

२०२५ चं फेस्त शांततेत झालं. २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस वारले, २६ तारखेला दफनविधी झाला, आणि १ मे हा नऊ दिवसांच्या दुखवट्यात आला. बँड नाही, फटाके नाहीत, मिरवणूक मेणबत्त्यांची. नेवऱ्या कराव्यात की नाही यावर चर्चा झाली. फादर म्हणाले, मेलेल्या माणसाच्या नावाने आपण जेवण घालतोच की. नेवऱ्या झाल्या, डबे गेले, एकाही घरून तक्रार आली नाही.

फोन मात्र आला. पुण्याच्या मैत्रिणीचा मुलगा दुसरीत आहे. शाळेत 'माझा आवडता सण' लिहिताना त्याने नेवरीचं चित्र काढलं, आणि कड काढली ती कातण्याची, नागमोडी. तिने फोटो पाठवला. मी तो थोरल्या बायला दाखवला नाही.

आता पुढचं

येत्या २०२६ ला १९ मार्च गुरुवारी येतो आणि त्याच दिवशी गुढीपाडवा आहे. ही गोष्ट गल्लीत पहिल्यांदा लक्षात आली ती थोरल्या बायच्या. कॅलेंडर तिच्या चुलीमागे असतं. तिने बैठकीत जाऊन सांगितलं, की यंदा फेस्त त्याच्या तारखेला घ्या. शेजारी गुढी उभी राहील तेव्हा आपल्याकडून ताट गेलं पाहिजे. मेमध्ये ताट पाठवलं तर शेजारी सगळे लग्नाला गेलेले असतात. हे खरं आहे. तीन वर्षं आमच्या घराला गल्लीतून ताट आलं, पण ते पोचलं तेव्हा घरी कधी वडील एकटेच होते, कधी कुलूप होतं.

तरुणांचं म्हणणं, गुरुवारी कोण येणार? प्रेजिदेंत यंदा दुसरे आहेत, त्यांचा मुलगा परदेशात, तो मेमध्येच येऊ शकतो. फादरांनी मधला मार्ग सुचवला आहे. १८ तारखेला वेस्पर आणि १९ ला मिस्सा गावापुरती, ओल्या नेवऱ्या. १ मेला मिरवणूक, मांडव, डबे, सुक्या नेवऱ्या. म्हणजे एका संताची दोन फेस्तं आणि तळणी दोनदा. खर्चाचं गणित अजून बसलेलं नाही, तळायला कोण येणार हेही नाही. मार्चमध्ये काजू वेचायचे दिवस असतात, आणि थोरल्या बायचा उजवा हात आता मुरड घालताना थरथरतो.

बैठक झाली त्या रात्री ती भिंतीपलीकडून आईशी बोलत होती. कढई १८ च्या संध्याकाळी न्यायची म्हणाली. आई जरा थांबली. पाडव्याला आमच्या मूळ घरी सगळी भाऊबंदकी जेवायला असते, साठेक पानं, आणि पुऱ्या त्याच कढईत होतात.

"नेतीस ते ने," आई म्हणाली, "पण पहाटे चारला माझ्या चुलीवर पायजे बग. आणि घासून आण. तुझ्या चुनाचा वास माझ्या पुऱ्यांना नको."

थोरली बाय म्हणाली, "तीनलाच आणतो की."